चाळीस अंशांचं कोडं

आमच्या टीममध्ये एका जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंट होतं. नऊ पायऱ्या. सातव्या पायरीत लिहिलं होतं, 'सर्व्हिस वर आली नाही तर रीस्टार्ट करून वीस मिनिटं थांबा.' का थांबायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. थांबलं की चालतं, म्हणून सगळे थांबायचे. मग रात्रपाळीला असलेल्या एका मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुढच्या सोमवारपासून वीस काय, दोनशे मिनिटं थांबलं तरी सर्व्हिस वर येईना. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं, की त्या वीस मिनिटांत तो मुलगा एका कोपऱ्यातली अडकलेली लॉक फाइल दर वेळी हातानं काढून टाकायचा. डॉक्युमेंटच्या मते सिस्टिम आपोआप उभी राहत होती.

त्याच आठवड्यात मी लोकलमध्ये वेंकी रामकृष्णन यांचं 'जीन मशीन' वाचत होतो. दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेला मी इंजिनियर. पण हे पुस्तक एका यंत्राबद्दल आहे असं ऐकलं होतं, म्हणून उचललं. यंत्राचं नाव रायबोझोम. पुस्तक संपल्यावर मी जुने पेपर धुंडाळत बसलो आणि १९६८ सालच्या एका प्रयोगापाशी अडकलो. तिथेही एक 'सातवी पायरी' होती: चाळीस अंशांपर्यंत गरम करा आणि थांबा.

ही गोष्ट त्या चाळीस अंशांची आहे. तिचं उत्तर मिळायला तीसेक वर्षं गेली, आणि ते ज्यांनी शोधलं त्यांतले बरेच जण मुळात वेगळंच काहीतरी शोधत होते.

कणांना नाव मिळतं

१९५५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशींमधले बारीक, गडद ठिपके पाहिले आणि त्यांचं वर्णन छापलं. पलाडे मूळचे रुमानियाचे. या कामासाठी पुढे १९७४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या ठिपक्यांना सुरुवातीला धड नावही नव्हतं, 'मायक्रोसोमचे कण' असा काहीतरी लांबलचक उल्लेख व्हायचा. १९५८ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स यांनी सुटसुटीत शब्द सुचवला, रायबोझोम.

काम काय, तर प्रथिनं बनवणं. डीएनएमधली माहिती आरएनएच्या पट्टीवर उतरते, ती पट्टी रायबोझोममधून सरकते आणि दुसऱ्या बाजूनं प्रथिनाची साखळी बाहेर पडते. तुमच्या रक्तातलं हिमोग्लोबिन, केसांतलं केरॅटिन, दूध पचवणारं लॅक्टेज, सगळं इथूनच येतं.

हे यंत्र दोन तुकड्यांचं असतं. ई. कोलाय या जीवाणूत लहान तुकड्यात १,५४२ अक्षरांचा एक आरएनए आणि २१ प्रथिनं असतात. मोठ्या तुकड्यात २,९०४ अक्षरांचा एक आरएनए, १२० अक्षरांचा आणखी एक आणि तीसपेक्षा जास्त प्रथिनं. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात प्रथिनं असतात हे ठीक. पण मुख्य सांगाडा आणि मुख्य काम, दोन्ही आरएनएचं. त्यामुळे आरएनएला योग्य घडी पडणं ही इथली खरी अडचण आहे.

आरएनए चिकट असतो. त्याची अक्षरं चारच, ए, यू, जी आणि सी. ए आणि यू एकमेकांना धरतात, जी आणि सी त्याहून घट्ट. दीड हजार अक्षरांच्या दोऱ्यात 'चुकीचा पण पुरेसा चांगला' जोडीदार कुठेही सापडतो. संक्रांतीला मांजा गुंडाळताना एक गाठ चुकीची बसली की पुढचा सगळा गुंता तिच्याभोवती वाढतो, तसंच. आणि जी-सीच्या गाठी आपणहून सुटायची वाट पाहत बसलात, तर जीवाणूचं आयुष्य संपून जाईल.

मॅडिसन, १९६८

मासायासु नोमुरा यांचा जन्म १९२७ चा, जपानमधला. डॉक्टरेट टोकियो विद्यापीठाची. साठच्या दशकात ते अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होते. त्यांनी आणि पीटर ट्राउब यांनी जे केलं ते इंजिनियरला लगेच कळतं: यंत्र पूर्ण खोललं आणि परत जोडलं.

ई. कोलायच्या रायबोझोमचा लहान तुकडा घेतला. त्यातला आरएनए वेगळा काढला, प्रथिनं वेगळी. मग मिठाच्या द्रावणात दोन्ही एकत्र करून गरम केलं. तुकडा पुन्हा तयार झाला आणि कामही करू लागला. बाहेरून कुणाची मदत नाही, नकाशा नाही, साचा नाही. जोडणीची सगळी माहिती सुट्या भागांतच होती.

तेव्हा हे किती थरारक वाटलं असेल याची कल्पना करा. एक साधं प्रथिन उलगडून पुन्हा घडी पडतं हे ठाऊक होतं. पण वीसपेक्षा जास्त भागांचं यंत्र? पुढच्या दोन वर्षांत नोमुरांच्या गटानं कोणतं प्रथिन आधी बसतं, कोणतं कुणाच्या आधारानं बसतं, याचा नकाशाच तयार केला. प्रोग्रामरनं पाहिला तर तो सरळ डिपेंडन्सी ग्राफ वाटतो. रामकृष्णन यांनी तरुणपणी येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याकडे ज्या प्रकल्पावर काम केलं, तोही याच कृतीवर उभा होता. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेली प्रथिनं घालून लहान तुकडा पुन्हा जोडायचा आणि न्यूट्रॉनच्या झोतानं त्यांच्यातली अंतरं मोजायची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस रायबोझोमकडे आला तो असा, आणि २००९ साली त्याच यंत्राच्या रचनेसाठी अडा योनाथ आणि टॉमस स्टाइट्झ यांच्याबरोबर नोबेलला पोचला.

आता सातवी पायरी. थंड द्रावणात जोडणी सुरू व्हायची, पण अर्ध्यावर थांबायची. आरएनएवर काही प्रथिनं बसायची आणि एक अर्धवट कण तयार व्हायचा. उरलेली प्रथिनं शेजारी तरंगत असूनही बसायची नाहीत. तोच कण चाळीस अंशांपर्यंत गरम केला, की त्यात नवा भाग न घालताच काहीतरी बदलायचं. घडी बदलायची. त्यानंतर उरलेली प्रथिनं पटापट बसायची.

तुम्ही म्हणाल, ई. कोलाय आपल्या आतड्यात ३७ अंशांवर राहतो, मग ३७ आणि ४० मध्ये फरक तो किती? खरंय. पण हाच जीवाणू २० अंशांच्या खालीही वाढतो, रायबोझोम बनवतो आणि विभागतो. परीक्षानळीतली जोडणी मात्र तेवढ्या थंडीत जवळपास ठप्प. मोठ्या तुकड्याची तर आणखी कठीण गत. १९७४ मध्ये बर्लिनच्या क्नुड नीरहाउस यांच्या प्रयोगशाळेनं ई. कोलायचा मोठा तुकडा परत जोडला, त्याची कृती अशी: आधी ४४ अंशांवर २० मिनिटं, मग मॅग्नेशियम वाढवून ५० अंशांवर दीड तास. जिवंत ई. कोलाय ५० अंशांवर तग धरत नाही. आणि दीड तास? पेशीत तेच काम काही मिनिटांत उरकतं.

म्हणजे परीक्षानळीत शेगडी जे करत होती, ते पेशीत दुसरं कुणीतरी करत होतं. माहिती सगळी भागांमध्येच होती, हे खरं. पण माहिती असणं वेगळं आणि वेळेत काम होणं वेगळं.

थंडीत अडकणारे

नोमुरांनी ही खूण दुर्लक्षित केली नाही. त्यांच्याकडे क्रिस्टीन गथ्री नावाची विद्यार्थिनी पीएचडी करत होती. तर्क सरळ होता. जोडणीला उष्णता लागत असेल, तर ज्या जीवाणूंच्या जोडणीत खोट आहे ते उबेत कसेबसे निभावतील, थंडीत अडकतील. म्हणून थंडीत न वाढणारे म्युटंट शोधायचे. १९६९ मध्ये गथ्री, नाशिमोतो आणि नोमुरा यांनी असे जीवाणू सापडल्याचं छापलं. थंडीत त्यांच्यात अर्धवट रायबोझोमांचा ढीग साचायचा. 'सबयुनिट असेंब्ली डिफेक्टिव्ह' या शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्यांचं नाव पडलं, सॅड म्युटंट.

पण शेगडीचं काम करणारा नेमका कोण, हे त्यातून लगेच उलगडलं नाही. गथ्री पीएचडी करून पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या आणि यीस्टमधल्या आरएनएच्या काटछाटीवर, म्हणजे स्प्लायसिंगवर, काम करू लागल्या. त्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

पाचवं अक्षर

दुसरा धागा याच्याही आधीचा, आणि तो अणुबॉम्बच्या कारखान्यातून येतो. टेनेसी राज्यातल्या ओक रिजमध्ये वाल्डो कोन हे रसायनशास्त्रज्ञ युद्धकाळात मॅनहॅटन प्रकल्पावर होते. अणुविखंडनातून निघणारी मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करण्याचं तंत्र तिथे विकसित झालं. युद्ध संपल्यावर कोन यांनी तेच तंत्र आरएनएच्या अक्षरांना लावलं. फावल्या वेळात ते चेलो वाजवायचे. ओक रिजचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला.

१९५१ मध्ये कोन आणि एलियट व्होल्किन यांना चार अक्षरांच्या चार शिखरांशेजारी एक अनोळखी शिखर दिसलं. पुढे त्याला 'पाचवं न्यूक्लिओटाइड' म्हणू लागले. रचना उलगडली तेव्हा ते यू या अक्षराचंच रूप निघालं. अणू तेच, वजन तेच, फक्त साखरेला ते वेगळ्या कोपऱ्यानं जोडलेलं. म्हणून नाव पडलं स्यूडोयुरिडिन, खोटं युरिडिन. जोडणीचा कोपरा बदलल्यामुळे या खोट्या यूला हायड्रोजन बंधासाठी एक हात जास्त मिळतो आणि आरएनए त्या जागी थोडा ताठ होतो.

हळूहळू कळत गेलं, की रायबोझोमच्या आरएनएत असे बदल जागोजागी आहेत. काही अक्षरं स्यूडोयुरिडिन होतात, काहींच्या साखरेवर वा पायावर मिथाइलचा बारीक शिक्का बसतो. ई. कोलायमध्ये असे ३६ बदल. यीस्टमध्ये शंभरच्या आसपास. माणसात दोनशेहून जास्त. आणि ते कुठेही विखुरलेले नाहीत. जिथे रायबोझोम प्रत्यक्ष काम करतो, त्या गाभ्यात त्यांची दाटी असते.

मग प्रश्न आला, पेशीला हे जागेचं भान कसं? हजारो अक्षरांमधून नेमकं हेच अक्षर निवडायचं, तेही शंभर ठिकाणी. शंभर वेगवेगळे एन्झाइम? जीवाणूंमध्ये जवळपास तसंच आहे, बहुतेक जागांना आपापला एन्झाइम. पण यीस्ट आणि माणूस यांनी वेगळी युक्ती केली आहे. ती १९९६-९७ मध्ये उघड झाली.

आपल्या पेशींच्या केंद्रकात न्यूक्लिओलस नावाचा एक गडद भाग असतो. तिथे रायबोझोम घडतात. त्या भागात कितीतरी लहान लहान आरएनए सापडले होते आणि त्यांतल्या बहुतेकांचं काम काय, कुणाला सांगता येत नव्हतं. १९९६ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या तमाश किश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे लहान आरएनए मिथाइलच्या शिक्क्यांचे पत्ते आहेत. पुढच्याच वर्षी किश यांच्या आणि अमेरिकेतल्या मॉरिल फर्निए यांच्या गटानं स्यूडोयुरिडिनसाठीही तसंच दाखवलं. एन्झाइम एकच. त्याच्या हातात पत्त्याची चिठ्ठी दर वेळी वेगळी. चिठ्ठीवरची दहा-वीस अक्षरं रायबोझोमच्या आरएनएशी जुळतात आणि जागा पक्की होते.

मिथाइलच्या चिठ्ठ्यांचा नियम तर मला वाचताक्षणी आवडला. चिठ्ठीत 'बॉक्स डी' नावाची ठरावीक खूण असते. तिच्यापासून मागे मोजत पाचवं अक्षर घ्या. त्याच्याशी जोडी लावून बसलेल्या अक्षरावर शिक्का पडतो. चौथ्यावर नाही, सहाव्यावर नाही. आम्ही लोक एका आकड्याची चूक करून रात्र रात्र बग शोधतो, आणि पेशी मात्र हे मोजमाप चुकत नाही.

नियम इतका पक्का असेल, तर कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या शोधता याव्यात. १९९९ मध्ये सेंट लुईसच्या टॉड लो आणि शॉन एडी यांनी ते केलं. बोलणं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणि भाषेच्या संगणकीय अभ्यासात वापरतात तशी संभाव्यतेची मॉडेल्स त्यांनी यीस्टच्या संपूर्ण जीनोमवर चालवली. २२ नव्या चिठ्ठ्या सापडल्या. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ती जनुकं एकेक करून मोडली आणि संबंधित शिक्का खरंच नाहीसा होतो का ते तपासलं. शेवटी यीस्टच्या ५५ पैकी ५१ मिथाइल जागांचे पत्ते लागले.

सेंटरिंग कोण काढणार?

इथे दोन्ही धागे एकत्र येतात, आणि अडचणही इथेच सुरू होते.

घराचा स्लॅब भरताना पाहिलाय? खाली लोखंडी पत्रे, लाकडी टेकू, म्हणजे सेंटरिंग. त्याशिवाय काँक्रीटला आकार येत नाही. पण सेंटरिंग काढलं नाही तर खालच्या खोलीत कुणी राहायला जाऊ शकत नाही. लवकर काढलं तर स्लॅब खाली. उशीर झाला तर पुढचं काम अडतं. सेंटरिंग लावण्याइतकंच ते वेळेवर काढणंही कामच असतं.

रायबोझोमच्या नव्या आरएनएवर अशा डझनावारी चिठ्ठ्या घट्ट चिकटतात. जोडी जितकी घट्ट, तितका पत्ता अचूक. पण तितकीच ती आपणहून सुटणं अवघड. आणि चिठ्ठी बसलेली असेपर्यंत त्या भागाला घडी पडत नाही. यीस्टची पेशी मिनिटाला सुमारे २,००० रायबोझोम बनवते. तिला थांबायला सवड नाही.

सोडवणारे कोण, याचा पहिला सुगावा १९८८ मध्ये लागला. ई. कोलायच्या एका म्युटंटमध्ये मोठ्या तुकड्याचं एल२४ हे प्रथिन बिघडलेलं होतं आणि जोडणी फसत होती. एका वेगळ्याच जनुकाच्या जादा प्रती घातल्या, की हा बिघाड झाकला जायचा. त्या जनुकाचं नाव पडलं एसआरएम-बी. त्याचं प्रथिन उंदरातल्या एका प्रथिनासारखं दिसत होतं, आणि ते उंदराचं प्रथिन आरएनएच्या गाठी उकलतं अशी तेव्हा धारणा बनत होती.

पुढच्या वर्षी पॅट्रिक लिंडर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. उंदीर, माशी, माणूस, यीस्ट, जीवाणू अशा सगळीकडून आलेल्या काही प्रथिनांत त्यांना एक समान तुकडा दिसला: अस्पार्टेट, ग्लुटामेट, अलानिन, अस्पार्टेट. या अमिनो आम्लांच्या एकाक्षरी इंग्रजी खुणांतून शब्द होतो 'डेड'. म्हणून हे कुटुंब झालं डेड-बॉक्स. काम आरएनएच्या गाठी उकलण्याचं, म्हणून वर्गाचं नाव हेलिकेज.

हेलिकेज म्हटलं की मला चेनसारखं काहीतरी एका टोकापासून सरकत उघडणारं डोळ्यांपुढे आलं होतं. डीएनएवरचे बरेच हेलिकेज तसे चालतातही. डेड-बॉक्सवाले चालत नाहीत. ते थेट गाठीवर बसतात, एका धाग्याला वाकवतात आणि तेवढीच छोटी जोडी विस्कटते. पेशीचं चलन असलेला एटीपीचा रेणू ते धरतात. गंमत म्हणजे तो मोडून मिळणारी ऊर्जा गाठ सोडवण्यासाठी नव्हे, तर हेलिकेजला स्वतःला आरएनएवरून सुटण्यासाठी लागते. काम झालं की बाजूला व्हायचं, म्हणजे पुढच्या गाठीवर जाता येतं.

२००३ मध्ये पॅरिसच्या मार्क ड्रेफस आणि इझाबेल योस्ट यांच्या गटानं ई. कोलायमधून एसआरएम-बी काढून टाकलं आणि काय होतं ते पाहिलं. उबेत फारसं काही नाही. थंडीत मात्र वाढ मंदावली आणि मोठ्या तुकड्याचे अर्धवट कण साचले. पुढच्या वर्षी सीएसडी-ए या दुसऱ्या हेलिकेजचीही अशीच गोष्ट त्यांनी मांडली. थंडी पडली की पेशी याचं उत्पादन मुद्दाम वाढवते.

गथ्री यांचे सॅड म्युटंट आठवतात? तोच नमुना. उबेत गाठी उष्णतेनं थोड्याफार सुटतात, म्हणून सोडवणारा नसला तरी निभावतं. थंडीत त्याची उणीव उघडी पडते. नोमुरांची शेगडी अशा सोडवणाऱ्यांची जागा भरून काढत होती. उष्णता सगळ्याच गाठी आंधळेपणानं सैल करते. हेलिकेज मोजक्या गाठींपाशी नेमका जातो, म्हणून पेशीला पन्नास अंशांची गरज पडत नाही.

हे सगळं सरळ रेषेत घडलं असं मात्र समजू नका. २००२ मध्ये ग्लोरिया कल्व्हर यांच्या गटानं मांडलं, की शेगडीची जागा डीएनए-के हे प्रथिनांना घडी घालायला मदत करणारं प्रथिन घेऊ शकतं. पुढच्याच वर्षी अलिक्स आणि नीरहाउस यांनी तो निष्कर्ष फेटाळला. कोडं इतकं मोहक होतं, की त्याचं एकच उत्तर असावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. प्रत्यक्षात पेशीनं काम अनेकांत वाटून दिलं आहे.

यीस्टमध्ये तर हेलिकेजची फौजच आहे. रायबोझोम घडवायला दोनशेच्या आसपास मदतनीस प्रथिनं लागतात, त्यांत सुमारे वीस हेलिकेज. २००५ मध्ये दाखवलं गेलं, की यू१४ ही चिठ्ठी सुटायला डीबीपी४ लागतो. वर्षभरात हॅस१ या दुसऱ्या हेलिकेजचंही चिठ्ठ्या सोडवण्यातलं काम पुढे आलं. त्यातलं सर्वांत सुंदर उदाहरण यू३ चं. लहान तुकड्याच्या आरएनएच्या मधोमध एक महत्त्वाची गाठ असते, तिच्यावर सगळा आकार तोललेला. यू३ त्या गाठीची जागा अडवून बसतो, म्हणजे ती घाईत पडू नये. बाकी काम आटोपल्यावर डीएचआर१ नावाचा हेलिकेज यू३ ला ओढून काढतो आणि मगच ती गाठ पडते. टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये दाखवलं. यू३ म्हणजे सरळसरळ लॉक फाइल आहे. वाचताना मला रात्रपाळीचा तो मुलगा आठवला.

आणि गथ्री? सॅन फ्रान्सिस्कोत स्प्लायसिंगचा अभ्यास करताना त्यांच्या प्रयोगशाळेला पुन्हा तीच मंडळी भेटली. एटीपी मोडून आरएनएच्या जोड्या बदलायला लावणारी, वेळेवर पुढची पायरी सुरू करणारी प्रथिनं. या विषयाला आकार देणाऱ्यांत त्यांचं नाव आज अग्रभागी घेतलं जातं. २०२२ मध्ये त्या गेल्या. पीएचडीत ज्या प्रश्नापाशी थांबावं लागलं, त्याचं उत्तर त्यांना दुसऱ्याच यंत्रात सापडलं, असं मी म्हणेन.

शिक्का म्हणजे सही

पण शिक्के नेमके कशासाठी? एकेक चिठ्ठी काढली तर यीस्टला बहुतेक वेळा काही होत नाही. रायबोझोमच्या गाभ्यातले अनेक शिक्के एकदम घालवले, तर मात्र प्रथिनं बनवण्याचा वेग घसरतो. प्रत्येक शिक्का थोडासा आधार देतो, एवढं तरी स्पष्ट आहे. एका शिक्क्याची गोष्ट मात्र वेगळी आहे.

भातावर करपा पडला की फवारायच्या औषधांत कासुगामायसिन असतं. हे १९६५ मध्ये जपानच्या हामाओ उमेझावा यांच्या गटानं मातीतल्या जीवाणूपासून मिळवलं. ते रायबोझोमवर बसून त्याचं काम अडवतं. सत्तरीच्या सुरुवातीला हेल्सर, डेव्हिस आणि डालबर्ग यांनी या औषधाला न जुमानणारे ई. कोलाय तपासले. त्यांच्या लहान तुकड्यात शेजारशेजारच्या दोन ए अक्षरांवरचे मिथाइल गायब होते. म्हणजे हा प्रतिकार नवं काही मिळवून आला नव्हता. शिक्का मारणारा केएसजी-ए हा एन्झाइमच बाद झाला होता.

तो बाद होऊनही जीवाणू जगतो, मग तो आहेच कशाला? २००८ मध्ये कल्व्हर यांच्याच गटानं एक चतुर प्रयोग केला. एन्झाइम काढून टाकण्याऐवजी असा एन्झाइम ठेवला, जो जागेवर बसतो पण शिक्का मारू शकत नाही. हा जीवाणू एन्झाइम नसलेल्यापेक्षाही वाईट अवस्थेत गेला. शिक्का न मारता आल्यामुळे एन्झाइम सुटतच नव्हता, आणि तो बसून असेपर्यंत तुकडा कामाला लागत नव्हता.

म्हणजे इथे शिक्का ही तपासनिसाची सही आहे. घडी नीट पडली की सही होते आणि तपासनीस दारातून बाजूला होतो. घडी पडली नाही तर दार बंद. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला हेच म्हणतात, फरक इतकाच की आमचा रिव्ह्यूअर कधी कधी न वाचताच 'दिसतंय ठीक' लिहून मोकळा होतो.

हाच खेळ रोगजंतूही खेळतात. काही जंतूंनी नवे शिक्के कमावले आहेत. एआरएम-ए नावाच्या एन्झाइमनं रायबोझोमच्या एका अक्षरावर मिथाइल ठेवला, की अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शनं तिथे बसूच शकत नाहीत. आयसीयूत डॉक्टर औषधं बदलत राहतात तेव्हा कधी कधी समोर कार्बनच्या एका अणूचा आणि हायड्रोजनच्या तीन अणूंचा एवढासा शिक्का उभा असतो.

माणसाच्या बाजूनंही किंमत चुकवावी लागते. स्यूडोयुरिडिन घडवणाऱ्या आपल्या एन्झाइमचं नाव डिस्केरिन. १९९८ मध्ये कळलं, की त्याच्या जनुकातल्या बिघाडानं डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुर्मीळ आजार होतो. नखं बिघडतात, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि अस्थिमज्जा थकते. डिस्केरिन गुणसूत्रांची टोकं जपणाऱ्या टेलोमरेजलाही सांभाळतो. त्यामुळे हा आजार शिक्क्यांमुळे किती आणि टेलोमरेजमुळे किती, यावर बरीच वर्षं वाद झाले. आज टेलोमरेजचं पारडं जड मानलं जातं.

आणि कोन यांचं ते पाचवं शिखर? कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की बाहेरून दिलेल्या आरएनएत यूच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं तर शरीराची संरक्षणव्यवस्था तेवढी खवळत नाही. फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्नाच्या कोविड लशींत त्याचाच एक मिथाइल लावलेला भाऊ आहे. २०२३ च्या नोबेलची बातमी तुम्ही फोनवर वाचली असेलच.

सातवी पायरी

नोमुरा २०११ मध्ये गेले. त्यांचा प्रयोग आजही तितकाच खरा आहे. सुट्या भागांत सगळी माहिती होती, हे कुणी खोडून काढलेलं नाही. त्यांचा मोठेपणा मला याच्याही पुढे दिसतो. 'आपोआप' या शब्दाशेजारी त्यांनी 'चाळीस अंश' हा आकडा प्रामाणिकपणे लिहून ठेवला, आणि आपल्या विद्यार्थिनीला त्या आकड्याच्या मागे पाठवलं. तो आकडा कृतीतला किरकोळ तपशील म्हणून सोडून देता आला असता.

रामकृष्णन, योनाथ आणि स्टाइट्झ यांनी टिपलेल्या रायबोझोमच्या अप्रतिम चित्रांत हेलिकेज दिसत नाहीत. दिसणारही नाहीत. ती तयार यंत्राची चित्रं आहेत, आणि यंत्र तयार झालं तेव्हा सोडवणारे निघून गेलेले असतात. ते दिसावेत यासाठी अर्धवट राहिलेले, अडकलेले कण शोधावे लागतात, थंडीत जाऊन.

मी त्या मुलाला फोन केला. नवीन ठिकाणी लागला होता. त्याला विचारलं, ती लॉक फाइल काढायची असते हे तू कधी कुणाला का नाही सांगितलंस?

"सर, मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीत असेल," तो म्हणाला. "मी फक्त रात्रीचा असायचो ना."

डॉक्युमेंटमध्ये आता दहा पायऱ्या आहेत. सातवीत काय काढायचं, कधी काढायचं आणि का, हे लिहिलंय. खाली ही पायरी कुणाकडून कळली त्याचं नावही आहे.